साहेबांच्या छतावरचं कासव

त्या रंगाऱ्याला सगळे ‘कशावरून’ म्हणायचे. आईबापांनी काहीतरी चांगलं नाव ठेवलं असणार, पण ते आता त्याच्या बायकोलासुद्धा जरा आठवूनच सांगावं लागे. कोणी म्हणालं, आज उकडतंय, की हा विचारणार, “कशावरून?” दुकानदार म्हणाला, डबा अस्सल कंपनीचा आहे, “कशावरून?” डॉक्टर म्हणाले, ताप उतरला, “कशावरून?” आणि डॉक्टरांनी थर्मामीटर दाखवला, तर थर्मामीटर बरोबर आहे हे कशावरून? बायको म्हणायची, “ह्यांनी माझ्याशी लग्न केलं हेच नवल. मी हो म्हटलं तेव्हासुद्धा हेच विचारलं होतं मेल्यानं.”

पण त्याचीही चूक नव्हती हो. धंदाच तसा. भिंतीइतकी खोटारडी वस्तू जगात नाही. वरून गुळगुळीत, पांढरीशुभ्र, आणि बोटाच्या पेरानं ठोकलं की आतून पोकळ. म्हणून हा कुठल्याही खोलीत शिरला की आधी भिंत ठोकणार, कान लावणार, मग ब्रश. माणसांनाही तसंच ठोकून घेण्याची सवय त्याला लागली होती, आणि माणसं तर भिंतीपेक्षा पोकळ निघतात हे त्याचं ठाम मत होतं.

त्या दिवसांत शहरात एकच विषय होता. श्रीमंतांवरचा कर वाढवायचा की नाही. ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. न्हाव्याकडे गेलं तरी तेच, भाजी घ्यायला गेलं तरी तेच. टीव्हीवर रोज संध्याकाळी कोणी ना कोणी कोट घालून बसायचा आणि दुसऱ्या कोटवाल्यावर खेकसायचा. कर अजून ठरला नव्हता, पण मोठमोठ्या घरांची पाहणी मात्र सुरू झाली होती. घर उत्तम, मध्यम की जुनाट, हे एक तपासणीस येऊन बघून जायचा, आणि उद्या कर लागलाच तर तो त्यावरून लागणार होता. म्हणजे बाजारात तुरी, आणि इकडे फोडणीची तयारी.

कशावरूनचं मत विचाराल, तर त्याचा दोघांवरही विश्वास नव्हता. श्रीमंत लबाड आणि सरकार त्याहून लबाड. त्याची मुलगी मात्र कराच्या बाजूची. ती सार्वजनिक दवाखान्यात परिचारिका होती, मुलांच्या वॉर्डात. त्या वॉर्डाच्या छताचं प्लॅस्टर गेल्या वर्षी एका दुपारी धाडकन खाली आलं होतं. नशीब, त्या खाटेवरचं पोर तेव्हा आईच्या मांडीवर होतं. तेव्हापासून अर्धा वॉर्ड बंद, आणि आजारी पोरं बाहेरच्या पॅसेजमध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत. दुरुस्तीचं विचारलं की वरून एकच उत्तर यायचं, पैसे नाहीत. आणि आता वरचे म्हणत होते, हा कर झाला तर पहिली दुरुस्ती तुमचीच.

“कशावरून?” बाप म्हणाला.

“बाबा, निदान मागता तरी येईल ना! आज मागायलासुद्धा तोंड नाही.”

“गळक्या टाकीत पाणी ओतायचं. तुझ्या वॉर्डापर्यंत थेंब पोचायचा नाही. कुंपणच शेत खातंय.”

“मग काय करायचं? पोरांना पॅसेजमध्येच ठेवायचं? काल एकीच्या सलाइनची पिशवी माझ्या डोळ्यांदेखत लोकांच्या धक्क्यानं खाली पडली. सांगा ना, काय करायचं?”

संशयी माणसाचं एवढंच तर असतं, त्याच्याकडे प्रश्न पुष्कळ, उत्तर एकही नाही. त्यानं वर बघितलं. वर त्यांचं स्वतःचं छत होतं, आणि छतावर कासव.

हे कासव म्हणजे ओलीचा डाग. वरच्या मजल्यावरच्यांच्या न्हाणीघराचं पाणी वर्षानुवर्षं खाली मुरत होतं, आणि त्याचा डाग पसरत पसरत हुबेहूब कासवासारखा झाला होता. गोल पाठ, पुढे काढलेली मान, तीन पाय नीट आणि मागचा एक आखूड. शेजारी एक छोटा ठिपका, ते पिल्लू. मुलगी लहान असताना तिनंच हे शोधून काढलं होतं. झोपण्याआधी ती हट्ट करायची, “आधी कासवाला भरवा,” आणि हा बाप माणूस, जगावर विश्वास न ठेवणारा, हात उंच करून हवेतच घास धरायचा. रंगारी असून स्वतःचं छत त्यानं कधी रंगवलं नाही. वरचे मोरी दुरुस्त करतील तेव्हा बघू, असं म्हणता म्हणता मुलगी नोकरीला लागली. खाली एक भगुणं ठेवलेलं असायचं, त्यात टप टप चालायचं.

तर अशात एके सकाळी टेकडीवरच्या साहेबांचा निरोप आला. साहेबांचा बंगला कशावरूनच वर्षानुवर्षं रंगवत आला होता. साहेब त्याला ‘ए रंगारी’ म्हणायचे, आणि हिशेबाच्या वेळी तेवढंही म्हणायचे नाहीत, मुनीम पाठवायचे. त्या दिवशी मात्र साहेब स्वतः दारापर्यंत आले.

“या या. बसा ना.”

बसा म्हटल्याबरोबर कशावरून सावध झाला. हा माणूस आणि ‘बसा’? पाणी कुठेतरी मुरतंय. तो खुर्चीच्या कडेवर टेकला, पाठ न टेकता. चहा आला, चांगल्या कपातला. आता तर त्याची खात्रीच पटली.

साहेबांनी दिवाणखान्याच्या छताकडे बोट केलं. मागच्याच वर्षी कशावरूननं ते रंगवलं होतं, दुधाच्या सायीसारखं.

“छत फार छान झालंय हो.”

“हो.”

“जरा जास्तच छान झालंय.” साहेब घसा खाकरून म्हणाले, “थोडी ओल दाखवता येईल का? म्हणजे, काढता येईल का? तुमच्या हातात कला आहे. घर जुनं आहे, खरंच जुनं आहे. माझ्या आजोबांनी बांधलंय. पण तुमच्या रंगामुळे ते जुनं वाटतच नाही, त्याला आम्ही काय करणार? आणि एक. तपासणी झाली की पुसता आलं पाहिजे.”

बघा, किती साधी मागणी! जन्मभर ज्यानं ओली झाकल्या, त्याला ओल काढायला सांगत होते.

“आणि मला काय?” कशावरूननं विचारलं.

साहेब हसले. त्यांनी सगळी चौकशी करून ठेवली होती. “तुमची मुलगी मुलांच्या वॉर्डात आहे ना? तिथलं छत मी करून देतो. माझ्या खर्चानं. अहो, सरकारला कर दिला तर तो कुठे जाईल कोण सांगणार? त्यापेक्षा मी थेट देतो. मधे कोणी नाही, गळती नाही. बोला.”

त्याच्या मनातलंच वाक्य साहेबांनी त्याच्या तोंडावर मारलं होतं. गळक्या टाकीत पाणी. कशावरूनला ते वाक्य स्वतःच्या घरात जितकं शहाणपणाचं वाटलं होतं, तितकं त्या दिवाणखान्यात वाटलं नाही. आवळा देऊन कोहळा काढतोय हे त्याला कळत होतं. पण कर होईल की नाही, झाला तर पोचेल की नाही, कोणाला ठाऊक? साहेब तर समोर बसले होते. आणि खरं सांगायचं तर ‘तुम्ही’ ऐकून तो थोडा फुगलाही होता. माणूसच आहे. उभ्या जन्मात पहिल्यांदा त्यानं ‘कशावरून’ विचारलं नाही. नेमकं जिथे विचारायचं तिथेच.

दुसऱ्या दिवशी तो घोडा, म्हणजे रंगाऱ्याची दुपाखी शिडी, लावून छताशी पोचला. एका डब्यात चहाचं कडक उकळलेलं पाणी, एका डब्यात काव, गेरूसारखी तांबूस माती, अगदी पातळ कालवलेली, वर थोडी खडूची पूड. ओल काढणं सोपं नाही बरं का. कडा गडद लागते, आत फिकं होत जावं लागतं, आणि जिथे पोपडा धरल्यासारखा वाटायला हवा तिथे खडू चोळावा लागतो. मान वर करून, डोळे किलकिले करून तो स्पंजानं टिपत गेला. हात आपोआप चालत होता. खाली उतरून त्यानं पाहिलं तर स्वतःच चकित झाला. असं वाटत होतं, आत्ता टपकेल.

“वा!” साहेब म्हणाले. “मला तर छत्री आणावीशी वाटतेय.”

घरी त्यानं एवढंच सांगितलं की, साहेबांकडे जरा हात फिरवायचं काम होतं. आणि जेवताना सहज म्हटल्यासारखं मुलीला म्हणाला, “तुझ्या वॉर्डाचं छत होईल बहुतेक.”

“कोण करणार?”

“आहे एक भला माणूस.”

“तुम्ही आणि भला माणूस म्हणताय?” मुलगी हसली. “बाबा, बरं वाटतंय ना?” पण तिच्या डोळ्यांत आशा चमकली ती त्यानं पाहिली, आणि तो नुसताच भात कालवत बसला.

पुढच्या दोन-तीन दिवसांतली एक संध्याकाळ. टीव्हीवर त्या कराचाच कार्यक्रम होता. बायको शेंगा सोलत बसली होती, मुलगी नुकतीच ड्युटीवरून येऊन भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. एक कोटवाला सांगत होता, “श्रीमंतांच्या हातात पैसा राहिला की तोच खाली झिरपतो.”

“आमच्याकडे वरून काय झिरपतं ते आम्हाला ठाऊक आहे,” बायको म्हणाली आणि भगुण्याकडे बघून फिसकन हसली.

मग पडद्यावर साहेब आले. स्वतःच्या दिवाणखान्यात, साधा सदरा घालून. चेहरा असा केला होता की जणू घरात कोणी आजारी आहे. “लोकांना वाटतं आमच्याकडे पैशाची खाण आहे. अहो, हे घर सांभाळता सांभाळता आमचं कंबरडं मोडलंय. हे बघा, छत बघा. कर वाढवला तर हे घर विकावं लागेल, माझ्या आजोबांचं घर!” आणि कॅमेरा वर गेला.

“अगंबाई!” बायको म्हणाली. “त्यांच्याकडेही गळतं हो!”

मुलगी पडद्याकडे बघत होती. मग तिनं मान वर केली आणि छताकडे बघितलं. परत पडद्याकडे. कशावरूननंही पाहिलं. गोल पाठ. पुढे काढलेली मान. तीन पाय नीट, मागचा एक आखूड. शेजारी पिल्लू.

त्याला खरंच माहीत नव्हतं. त्यानं मुद्दाम काढलं नव्हतं. पण इतकी वर्षं रात्री पाठ टेकली की डोळ्यांसमोर तेच छत. ओल म्हटल्यावर हाताला दुसरी ओल येतच नव्हती.

“बाबा,” मुलगी हळूच म्हणाली, “आपलं कासव साहेबांकडे कसं गेलं?”

तो उठला आणि पाणी प्यायला गेला. माठाशी उभा राहून बराच वेळ पाणी प्याला, तहान नसताना. परत आला तेव्हा मुलगी आतल्या खोलीत गेली होती. रडली असती, भांडली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी ती न बोलताच ड्युटीवर गेली. शरम काय असते ते त्याला त्या दिवशी कळलं. लोकांच्या पोकळ भिंती ठोकत फिरणारा हा माणूस, आणि स्वतःच्या पोरीच्या कासवाला साहेबाच्या छतावर गरिबी दाखवायला पाठवून आला होता.

तरी त्याच्या मनात एक धागा होता. वॉर्डाचं छत तर होईल. एवढं झालं की मुलीला सांगता येईल, तुझ्यासाठीच केलं. तपासणीच्या सकाळी साहेबांनी त्याला बोलावलं होतं, डागाला जरा अजून हात द्यायला. त्यानं घोड्यावर चढायच्या आधी विचारलं, “साहेब, वॉर्डाचं छत कधी सुरू करायचं?”

साहेब आरशात बघून कॉलर नीट करत होते. जुनी, विटलेली कॉलर, मुद्दाम निवडलेली. “करू की. तपासणी होऊ दे. तुम्हीच जा ना, दोन हात फिरवा रंगाचे. पांढराच द्या. खाली माझ्या आजोबांच्या नावाची एक पाटी लावू.”

“रंग? आणि वरचं गळणं? प्लॅस्टर?”

“अहो, प्लॅस्टर-बिस्टर म्हणजे इमारतीचं काम. ते सरकारचं. मी छत करून देतो म्हणालो, म्हणजे छान करून देतो म्हणालो.” ते वळले आणि हसले. “तुमच्यासारख्याला काय सांगायचं? तुमच्या हाताखाली कुठली ओल दिसते का?”

म्हणजे इथे कोरड्या छताला ओलं करायचं आणि तिथे ओल्या छताला कोरडं. आणि त्या कोरड्या दिसणाऱ्या छताखाली परत खाटा लावायच्या, परत पोरं झोपवायची. कशावरूनच्या डोळ्यांपुढे ते दुपारी धाडकन कोसळलेलं प्लॅस्टर आलं. त्याची मुलगी तिथे दिवसभर उभी असते. पाटीखाली.

साहेब फोन घ्यायला आत गेले. त्यानं डबे खालीच ठेवले. बादलीत फडकं बुडवलं, पिळलं, आणि घोड्यावर चढला. आधी पिल्लू पुसलं. मग आखूड पाय. मग पाठ. काव आणि चहा ओघळून त्याच्या मनगटावरून बाहीत शिरले. मान शेवटी राहिली होती, ती पुसताना त्याचा हात जरासा अडखळला, खोटं कशाला सांगू. मग सुक्या फडक्यानं छत टिपलं, खाली उतरून पंखा पुरा सोडला, नाहीतर तपासणीसाला ओलं दिसलं असतं आणि साहेबांचंच फावलं असतं. एवढं होईतो फाटकाची घंटा वाजली.

तपासणीस एक कंटाळलेला, घामेजलेला माणूस होता. त्यानं वर पाहिलं. दुधाच्या सायीसारखं छत.

“टीव्हीवर दाखवलं होतं ते कुठंय?”

साहेबांनी वर पाहिलं, मग बादलीकडे, मग कशावरूनकडे. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण कशावरूनला बघवेना.

“ते मी काढलं होतं,” तो म्हणाला. “मीच पुसलं.”

तपासणीस “हं” म्हणाला. साहेब एका क्षणात सावरले, हसले, “गंमत, गंमत हो, चला ना, आत बसून बोलू.” दोघं आतल्या खोलीत गेले आणि दार लागलं. आत काय झालं, त्या माणसानं उत्तम लिहिलं की जुनाट, कोण सांगणार? कशावरूननं आपला घोडा उचलला आणि निघाला. तो फाटकाशी पोचेपर्यंत मागून साहेबांचा आवाज आला, पहिल्यासारखा, “ए! ह्या रंगाऱ्याला परत आत घ्यायचं नाही! टेकडीवरच्या सगळ्यांना सांगून ठेव!” फाटकावरच्यानं मान डोलावली आणि कशावरूनच्या मागे कडी लावली. टेकडी म्हणजे त्याचा निम्म्याहून जास्त धंदा होता.

संध्याकाळी घरी बायको नव्हती, बहिणीकडे गेली होती. मुलगी ड्युटीवरून येऊन गणवेशातच बसली होती, गुडघ्यांवर हनुवटी टेकून. तो समोर बसला.

“पुसलं मी.”

“काय?”

“कासव. तिथलं.”

मुलीनं मान वर केली नाही. “कशावरून?” तिनं विचारलं.

उभा जन्म हा शब्द त्यानं लोकांवर फेकला होता. तो अंगावर आल्यावर कसा लागतो हे त्याला माहीतच नव्हतं. त्यानं पिशवीतून फडकं काढून तिच्यापुढे ठेवलं, तपकिरी डागांनी भरलेलं.

“हे काढतानाचंही असेल,” ती म्हणाली.

बरोबर होतं. तोही हेच म्हणाला असता. तिला कुठल्या तोंडानं दोष देणार?

“उद्या चल माझ्याबरोबर. दाखवतो छत.”

“मला कोण आत घेणार तिथे?”

“मी नेतो...” तो म्हणाला, आणि थांबला. “नाही. नाही नेता येणार. आता मलाही आत घेणार नाहीत.”

तेव्हा तिनं मान वर केली. “म्हणजे?”

“फाटकावर सांगून ठेवलंय. टेकडीवरच्या सगळ्यांनाच.”

“आणि आमचं छत?”

“ते तो करणारच नव्हता. रंग फासायचा होता नुसता.” त्यानं फडकं परत पिशवीत कोंबलं. “चुकलो मी, पोरी. सगळ्या जगाला विचारलं, त्यालाच विचारलं नाही.”

वर कुणीतरी नळ सोडला असावा. कासवातून टप टप सुरू झालं. मुलगी उठली, भरत आलेलं भगुणं मोरीत ओतून आली, पुन्हा नीट कासवाखाली ठेवलं.

“जेवलात का?” तिनं विचारलं.

“नाही.”

ती ताट वाढायला आत गेली. कशावरून, असं काही तिनं विचारलं नाही.